गुण्या म्हणजे मी

४ मार्च

'बिजागरी' म्हणजे गुडघा. आज तिसऱ्यांदा! सकाळी खुर्चीतून उठताना, मग जिन्यापाशी, मग आत्ता चपला काढताना. तीनदा ऐकला म्हणून शाईने लिहिला. क्रमांक अठ्ठ्याण्णव.

५ मार्च

एजन्सीवाल्यांचा फोन. "ताई, फ्रिज आलाय. चार हजार शब्द आहेत. शुक्रवारपर्यंत होईल?" नाही म्हटलं. गेल्या महिन्यात वॉशिंग मशीनलाही नाहीच म्हटलं होतं. त्यावर ते — "दुसरीकडे काम धरलंत का?"

खरं ते सांगून टाकलं. ह्यांच्या शब्दांची वही करतेय, दिवसाचे दोन-तीन तास त्यातच जातात. "ती कोणासाठी?" कोणासाठी नाही. "म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र राग आला, आणि तो स्वयंपाक होईपर्यंत टिकला.

बावीस वर्षं मी माहितीपत्रकांचं भाषांतर करतेय. झाकण घट्ट बंद करा. ओल्या हाताने बटण दाबू नका. शब्दाप्रमाणे पैसे, त्यामुळे कधी कधी एका शब्दाचं काम दोन शब्दांनी करायचा मोह होतो. एकाही माणसाने ते वाचलं असेल असं मला वाटत नाही. लोक खोकं उघडतात, कागद बाजूला टाकतात आणि बटण दाबतात. ओल्या हाताने.

९ मार्च

ह्यांना झटका येऊन आज आठ महिने झाले. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, शब्द हरवलेले नाहीत, फक्त कप्पे बदललेत. सुताराच्या बायकोला हे लगेच कळलं. चमच्यांच्या कप्प्यात हात घालावा आणि हाताला मोजे लागावेत, तसं. पाच-सहा शब्द जागच्या जागी आहेत — हो, नको, बस. बाकी जे हाताला लागेल ते.

बरेचसे शब्द कामावरचेच येतात. 'पॉलिश' म्हणजे चहा. 'खिळा' म्हणजे गोळी. 'गिरमिट' म्हणजे डोकेदुखी, आणि ज्याने भिंतीला भोक पाडताना पाहिलंय त्याला ते पटेल. 'रंधा' म्हणजे दाढी. काही शब्दांना मात्र कारणच सापडत नाही. 'शनिवार' म्हणजे मीठ! दोन आठवडे मी ह्यांना आज कोण वार ते सांगत होते आणि हे अळणी जेवत होते. त्या दिवसानंतर मी वही केली.

नियम एकच. शब्द पहिल्यांदा ऐकला की पेन्सिलने. तीन वेगळ्या वेळी, तीन वेगळ्या जागी, एकाच अर्थाने आला, तरच शाईने. चुकीचा अर्थ पक्का झाला तर माणूस अळणीच जेवणार.

१२ मार्च

आजची गोष्ट वहीत कशी लिहायची? इथे लिहिते.

दुपारी टेबलाशी बसले, वही उघडली. मागून ह्यांचा आवाज — "गुण्या." मी वळले. पुन्हा, माझ्याकडे सरळ बघून — "गुण्या." काही हवंय का विचारलं. पाणी? उशी? मान नकारार्थी. बोट माझ्याकडे. "गुण्या."

परवासुद्धा असंच झालं होतं.

गुण्या म्हणजे सुतारांचं काटकोन बघायचं हत्यार. फळी सरळ बसली की नाही ते तो सांगतो. एकतीस वर्षं मी ह्यांना 'हे' म्हणत आले आणि हे मला 'अगं' म्हणत आले. लग्नात ठेवलेलं नाव कागदपत्रांपुरतं. लाडाचं नाव वगैरे आमच्यात नव्हतंच. आता सगळे शब्द सांडल्यावर त्या पसाऱ्यातून ह्यांनी माझ्यासाठी हा एक उचलला — सगळं सरळ आहे ना बघणारी. साठीला आलेल्या बाईने रडू नये. रडले.

दोनदाच ऐकलाय, तरी शाईने लिहिला. गुण्या — मी.

१३ मार्च

आज चार वेळा हाक मारली. मी दर वेळी "ओ" दिली.

२० मार्च

बाराखडीबाई आल्या होत्या. ह्यांना बोलायचा सराव देतात, म्हणून मी ठेवलेलं नाव. त्यांच्यासमोर घेत नाही. आज त्यांनी वही हातात घेतली आणि वीस मिनिटं खाली ठेवली नाही. म्हणाल्या, त्यांची संस्था हे छापेल. मानधनही देईल. असं काम घरच्या माणसाने केलेलं त्यांनी पाहिलेलं नाही. 'गुण्या'पाशी थांबल्या आणि चष्मा काढून पुसला. "हा शब्द पहिल्या पानावर घेऊ."

मी नाही म्हणाले. का, ते मला धड सांगता आलं नाही. घरातलं आहे ते घरातच राहू दे, असं काहीसं बोलले. त्या शहाण्या आहेत, ताणून धरलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "मग तुम्ही हे का लिहिता, ते तरी एकदा स्वतःला विचारा."

२१ मार्च

विचारलं.

उत्तर पंधरा वर्षं जुनं आहे. तेव्हा ह्यांचं खालच्या मजल्यावर दुकान होतं. एका गिऱ्हाईकाला ह्यांनी स्वतःच्या हाताने पावती लिहून दिली. 'जेवनाच टेबल, खूरच्या सहा.' मी तिथेच उभी होते. पावती घेतली, लाल पेनाने चारही चुका सुधारल्या आणि परत दिली. गिऱ्हाईक हसलं. मीही हसले. ह्यांनी रंधा उचलला आणि आधीच गुळगुळीत झालेल्या फळीवर मारत राहिले.

त्यानंतर ह्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही. पावत्या, पत्रं, अर्ज, लेकीच्या शाळेचे कागद, सगळं माझ्यापुढे ठेवायचे आणि "तू लिही" म्हणायचे. मला वाटायचं विश्वास आहे. आपली समजूत! घरात वाटणी होऊन गेली — लाकूड ह्यांचं, शब्द माझे. आणि माझ्या हद्दीत हे पुन्हा आले नाहीत.

आता ह्यांचा एकही शब्द बरोबर येत नाही आणि मी एकही सुधारत नाही. शनिवार म्हणाले की शनिवारच लिहिते. बाराखडीबाईंना हे काय सांगणार? वरातीमागून घोडं आहे, दुसरं काही नाही.

२७ मार्च

पोटात पुन्हा कळ. आधीच्या दोन्ही अंगावर काढल्या होत्या, या वेळी दवाखान्यात जावंच लागलं. पित्ताशयात खडे आहेत. लोक कानाला खडा लावतात, माझे पोटात निघाले. १४ एप्रिलला शस्त्रक्रिया. चार दिवस तिथे, नंतर पंधरा दिवस वजन उचलायचं नाही.

माझी भीती वेगळीच. चार दिवस ह्यांचं बोलणं कोणाला कळणार?

३० मार्च

लेक आली. दोन तास गोड बोलली. मी म्हटलं, "ताकाला येऊन भांडं लपवू नकोस, काय ते बोल." तेव्हा पिशवीतून एका शुश्रूषा केंद्राची पत्रिका काढली. झटका आलेल्या माणसांना ठेवून घेतात. खोल्या स्वच्छ, बाग, चोवीस तास परिचारिका. फोटोतले सगळे म्हातारे हसत होते.

"चार दिवसांपुरतं?" मी विचारलं.

"आई, चार दिवसांचं नाहीये ते. तुला काही झालं तर? बाबा काय बोलतात ते फक्त तुला कळतं. तू आहेस तोवर ठीक आहे. नंतर मी काय करू? मला त्यांची भीती वाटते गं. ते काहीतरी मागतात आणि मी नुसती तोंडाकडे बघत राहते."

हे समोर बसले होते. सगळं ऐकत होते. ऐकलेलं ह्यांना कळतं, हे लेक विसरते. मी तिला वही दिली. म्हटलं, ते चार दिवस तू ये. ही घेऊन रहा. नाहीच जमलं तर मी स्वतः केंद्राच्या कागदावर सही करीन.

"आणि जमलं तर?"

जमलं तर हे घरीच राहणार. तिने कबूल केलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले नव्हते.

१ एप्रिल

वही तिच्या काही कामाची नाही! माझ्या सोयीने तारखेवार लिहिलीय. तिच्या कानावर 'खिळा' पडणार आणि तो शोधायला ती दीडशे पानं उलटणार. तोवर गोळीची वेळ टळणार. अ पासून सगळं नव्याने लिहायचंय. तेरा दिवस हातात.

४ एप्रिल

'क' संपला. 'करवत' म्हणजे खोकला, 'कडी' म्हणजे लेक. तिला आवडेल का हा शब्द? दाराची कडी. ती आली की ह्यांना दार लावून घेतल्यासारखं निर्धास्त वाटत असावं. की तिचा आवाज तसा आहे म्हणून? दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या.

"गुण्या," मागून. "ओ, एवढं पान होऊ दे," म्हटलं.

६ एप्रिल

एजन्सीवाले पुन्हा. मिक्सर. दीड हजारच शब्द, म्हणाले, हातासरशी होईल. नाही म्हटलं. "ताई, तुमची जागा भरावी लागेल." भरा म्हटलं. बावीस वर्षांत त्यांना मी इतक्या पटकन कधी उत्तर दिलं नव्हतं.

१० एप्रिल

'म' वर आले. दिवसभर टेबलाशी. पोट दुखतंय, मान आखडलीय, बोटांना शाई. ह्यांनी संध्याकाळी डाव्या हाताने पाण्याचा पेला ढकलून पाडला. मुद्दाम. मी रागावले. लहान मुलासारखं करू नका, म्हणाले. म्हणायला नको होतं.

१३ एप्रिल

'ज्ञ' ला एकही शब्द नाही. एकशे चौदा शब्द, सगळे शाईत. वही लेकीच्या हातात ठेवली.

१५ एप्रिल

काल झालं सगळं. टाके दुखतात. लिहिणं अवघड.

१६ एप्रिल

लेकीचा फोन. "आई, बाबा 'पॉलिश' म्हणाले. मी पान काढलं आणि चहा दिला. प्यायले!" मग — "सकाळी 'खिळा' म्हणाले, तीही गोळी वेळेवर दिली." आवाजच बदललाय तिचा. भीती गेलीय.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, एवढं काय झालं? म्हटलं, माझं लिहिलेलं कोणीतरी वाचलं. इतक्या फ्रिजांत आणि मिक्सरांत असा एकही फोन आला नव्हता.

१७ एप्रिल

लेक आज फोनवर जरा अडखळली. 'गुण्या'बद्दल विचारत होती. नक्की तूच ना, म्हणाली. नक्की, म्हटलं. "बरं. तू घरी आलीस की बोलू."

१९ एप्रिल

काल घरी आले. आज लेकीने सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते, नाहीतर मी ते माझ्या सोयीचं करून टाकीन.

पहिल्या दिवशी ती ऑफिसचं काम घेऊन लॅपटॉपसमोर बसली. मागून — "गुण्या." तिने वही पाहिली, म्हणाली, "आई दवाखान्यात आहे बाबा, चार दिवसांनी येईल." ह्यांनी मान जोरात हलवली. पुन्हा "गुण्या." पुन्हा तिने तेच सांगितलं. ह्यांनी टेबलावर हात आपटला. असं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिलाच वैताग आला. लॅपटॉप मिटला, खुर्ची वळवली आणि ह्यांच्या पुढ्यात येऊन बसली. म्हणाली, "बोला, काय गुण्या?" हे हसले. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

मग तिने माझाच नियम लावला. लॅपटॉप उघडला — गुण्या. मिटून समोर बसली — शांत. वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत. पाच वेळा. चुकून एकदाही मागेपुढे नाही.

"आई, गुण्या म्हणजे तू नाहीस. गुण्या म्हणजे — ते ठेव बाजूला, माझ्यासमोर सरळ बस."

दुकानात फळी तिरकी बसली की हे म्हणायचे, "गुण्यात घे." मी हजार वेळा ऐकलंय. मी टेबलाशी तिरकी बसते, पाठ अर्धी ह्यांच्याकडे.

२० एप्रिल

लेकीने केंद्राची पत्रिका फाडून टाकली. हे घरीच राहणार. जिंकले मी. आनंद व्हायला हवा. थोडा झालाही.

पण सकाळपासून मोजतेय. महिनाभर, रोज तीन-चार वेळा. ह्यांचं बोलणं लिहून घ्यायला मी वही उघडायचे आणि त्याच वेळी हे मला सांगायचे की वही मिट. आणि मी काय केलं? "ओ" म्हटलं. लाजून. शिवाय तोही शब्द लिहून ठेवला, दोनदाच ऐकून, शाईने. छापला असता तर पहिल्या पानावर चूक झाली असती.

फुकट लिहिणारा माणूस फार निःस्वार्थी असतो, असं लोकांना वाटतं. मलाही वाटत होतं. पैसे घेतले नाहीत म्हणजे काहीच घेतलं नाही, असा माझा हिशोब. खोटा! मी ह्यांच्या दुपारी घेतल्या. लाल पेनाची चूक धुवायची होती मला, ती ह्यांच्या वेळेत धुतली. तेव्हा ह्यांचे शब्द सुधारायला बसले होते, आता उतरवायला बसले. ह्यांच्यासमोर कधी बसले?

'गुण्या — मी' वर एक रेघ मारली. लाल पेन घरात होतं, ते वापरलं नाही.

२३ एप्रिल

लेक परत गेली. जाताना 'कडी'खाली पेन्सिलने लिहून गेली — 'दाराची. विचारून खात्री केली. मान हलवली.'

१२ मे

तीन आठवडे नवा शब्द लिहिलेला नाही. आजचं पानसुद्धा हे दुपारी डुलकी घेतायत म्हणूनच लिहितेय. चारला उठतील, मग मी समोर बसते. सरळ. काही बोलतात, काही नाही. काल मी ह्यांच्याशी त्या पावतीबद्दल बोलले, पंधरा वर्षांनी. चुकले, म्हटलं. ह्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "खूरच्या." मुद्दाम तसंच. 'खू' लांबवून. मग दोघेही इतके हसलो की माझे टाके दुखले.

आज सकाळपासून तीन नवे शब्द आले. ऐकले, कळले, विसरून जाऊ दिले. हातांना सवय नाही अजून.

एजन्सीवाल्यांना फोन केला. जागा अजून भरली नव्हती. इस्त्री आहे म्हणाले, नऊशे शब्दांची. ह्यांच्या डुलकीच्या वेळेत करीन. वही कपाटात ठेवलीय. तिचं काम झालं.

८ जून

शुक्रवारी सकाळी दात घासताना ह्यांना दुसरा झटका आला. आज चौथा दिवस, दवाखान्यात. बोलणं पूर्ण गेलं — हो, नको, बससुद्धा. डॉक्टर म्हणतात, आता ऐकलेलंही कळत नाही. परिचारिका चमचा घेऊन म्हणते, "आजोबा, पाणी." लेक म्हणते, "बाबा, पाणी." मी म्हणते. ओठ घट्ट मिटलेले, नजर छताला.

दुपारी लेकीने वही आणली. उलटी वाच, म्हणाली, अर्थाकडून शब्दाकडे. पान त्र्याण्णव. 'भुसा — पाणी. (घशात भुसा गेला की पाणी मागायचे.)'

खुर्ची ओढून समोर सरळ बसले. म्हटलं, "भुसा?"

ह्यांनी तोंड उघडलं.